ओटीतला खण आणि वाजश्रवसाच्या गाई

पाडवा जवळ आला की माझ्या दुकानात दोन प्रकारच्या बायका येतात. काही नवं शिवायला, काही जुन्याची विल्हेवाट लावायला. पहिल्यांचं काम सोपं. माप घ्यायचं, गळा विचारायचा, ‘आदल्या दिवशी संध्याकाळी नक्की’ असं सांगायचं आणि रात्री जागायचं. दुसऱ्यांचं अवघड. त्या पिशवी काउंटरवर ओततात आणि म्हणतात, “बघा हो ताई, यातलं काही ढिलं करून होतंय का. नाहीतर देऊन टाकते कुणाला तरी.” कुणाला, ते ठरलेलं नसतं. कपाट रिकामं करायचं एवढं मात्र पक्कं असतं, कारण नव्याला जागा हवी.

मी सांगलीच्या गावभागात ब्लाऊज शिवते. आम्ही नामदेव शिंपी. दुकान वडिलांचं, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. मी विलिंग्डन कॉलेजात संस्कृत घेऊन बी.ए. झाले, पण नोकरी मिळाली नाही आणि मशीन घरातच होतं. त्यामुळं गीता, कठोपनिषद आणि कटोरी ब्लाऊज ही तिन्ही माझ्या डोक्यात एकाच कप्प्यात राहतात. गिऱ्हाइकांना त्याचा थोडा त्रास होतो. शिलाई बरी असल्यामुळं ती टिकून आहेत.

फाल्गुनात कपाटं उघडायची रीत आपल्याकडे जुनीच. सांगलीचं ऊन मार्चमध्येच अंगावर यायला लागतं. स्वेटर, शाली, जड रेशमी आत जायचं आणि सुती, मलमल बाहेर यायचं. रेशमी साड्यांच्या घड्या मोडून उलट घालायच्या, नाहीतर घडीवर जर चिरते. वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला कप्प्यांत ठेवायचा. हल्ली डांबरगोळ्या. त्यात रंगपंचमी येते. त्या दिवशी घरातला सगळ्यांत जुना कपडा अंगावर चढतो आणि संध्याकाळी चिंध्यांत जातो. कपड्याला याहून चांगला शेवट मला तरी सुचत नाही. मग पाडवा. गुढीला कोरी साडी नाहीतर खण, वर उपडा गडू, कडुनिंबाची डहाळी, साखरेची गाठी. पूर्वी गुढीची साडी दुसऱ्या दिवसापासून घरातली कुणीतरी नेसायची आणि तिचा ब्लाऊज माझ्याकडे यायचा. आता गुढीसाठी चुण्या घातलेलं तयार वस्त्र मिळतं. मीही ते शिवून विकते, खोटं कशाला बोलू. पण ते वस्त्र कुणाच्याच अंगावर जात नाही. संध्याकाळी गुढी उतरली की ते घडी होऊन माळ्यावर, पुढच्या वर्षी रंग उतरला म्हणून नवीन. सणाचा कपडा आणि माणसाचा कपडा असे दोन तुकडे झाले, ते माझ्या डोळ्यांदेखत झाले.

तर माझा प्रश्न असा, की कपडा जुना झाला हे ठरवायचं कुणी?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली वस्त्रांची उपमा सगळ्यांना ठाऊक आहे. घरात कुणी गेलं की हमखास कानावर पडते. माणूस जीर्ण वस्त्रं टाकून नवी घेतो तसा आत्मा देह बदलतो. प्रवचनकार लगेच आत्म्याकडे वळतात, मी मात्र कपड्यापाशीच अडकते. त्या उपमेतला कपडा विरलेला आहे. त्याचा कंटाळा आलेला नाही, तो दंडात घट्ट झालेला नाही, मागच्या लग्नात सगळ्यांनी बघितलेला नाही. कृष्णानं उपमेसाठी असा कपडा निवडला ज्याचं काम खरोखर संपलंय. कंटाळून देह टाकणारा आत्मा त्यानं अर्जुनापुढे उभा केला नाही.

कपड्याचं काम कुठं संपतं ते शिंप्याच्या बोटांना कळतं. ब्लाऊज काखेत घामानं कुजतो. सदरा कॉलरला आणि कोपराला विरतो. सुती साडी टाचेखाली जाते, नाहीतर निऱ्या खोचतो तिथं. उजेडात धरलं की धागे मोजता यायला लागतात, मग शिवण टिकत नाही. सुई टोचली की शेजारी नवं भोक. माझ्या काउंटरवर ओतलेल्या कपड्यांत असे फार थोडे निघतात. बहुतेक दोन लग्नं, एक मुंज आणि एक डोहाळजेवण एवढंच पाहिलेले असतात. ‘आता सगळ्यांनी बघितलाय’ हे त्यांचं जुनेपण. फोनमध्ये फोटो राहायला लागल्यापासून तर कपडा आणखी लवकर म्हातारा होतो. जुनेपण कापडात नसतंच. ते बघणाऱ्याच्या डोळ्यांत असतं आणि त्याहून जास्त, कुणीतरी बघतंय या कल्पनेत.

कपडा कधी टाकायचा याच्याही मागचा प्रश्न, तो मुळात ठेवायचाच का, यावर आमच्या मुलखात फार जुना वाद आहे. सांगली-कोल्हापूरकडं दिगंबर जैन पुष्कळ. चातुर्मास संपला की मुनींचा विहार सुरू होतो आणि अंगावर सूतसुद्धा नसलेला माणूस पिंछी-कमंडलू घेऊन भर बाजारातून चालत जातो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापडाची दुकानं! बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे शांतिसागर महाराज याच भागातले. १९५५ साली कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेऊन देह सोडला. दिगंबरांचं म्हणणं शिंप्याला पटण्यासारखं आहे. एक वस्त्र ठेवलं की ते धुणं आलं, वाळवणं आलं, सुई-दोरा आला, फाटलं की दुसरं मागणं आलं. म्हणजे मन तिथं गुंतलंच. श्वेतांबर म्हणतात, वस्त्रात काही नाही, गुंतण्यात आहे. गंमत म्हणजे उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र दोन्ही पंथांना मान्य आहे आणि त्यात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, आसक्तीवरून केली आहे. त्याच सूत्रावरून एक जण म्हणतो, मग पांढरं वस्त्र चालेल. दुसरा म्हणतो, वस्त्र अंगावर आहे तोवर आसक्ती सुटली हे कशावरून? माझी एक जैन गिऱ्हाईक आहे, तिला मी म्हटलं, “मला श्वेतांबरांच्या बाजूनंच बोलायला हवं, नाहीतर खाऊ काय?” ती म्हणाली, “आम्ही तरी श्रावकच की. आम्हाला ब्लाऊज लागतातच.”

पण हा सगळा वाद ठेवणाऱ्याचा आहे. काय ठेवावं, किती ठेवावं, ठेवताना मन कसं असावं. सोडलेलं कुठं जाऊन पडतं, हा प्रश्न त्यात मागंच राहतो. आणि पाडव्याला माझ्या दुकानात जो प्रश्न पिशवीतून बाहेर पडतो तो नेमका तोच असतो.

आता ओटीच्या ब्लाऊजपीसबद्दल बोलते. त्यावर बोलायचा मला अधिकार आहे.

चैत्रात घरोघरी चैत्रगौर बसते. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि ओटीत ब्लाऊजपीस. हे हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतं. एवढ्या काळात एका घरात किती पीस येत असतील याचा हिशेब मी करत नाही, पण त्यातला माझ्याकडे शिवायला येतो तो अगदी विरळा. कारण तो शिवण्यासाठी विणलेलाच नसतो. खळ धुतली की कापड जाळीसारखं दिसायला लागतं. पन्हा कमी. लांबी ऐंशी सेंटिमीटर म्हणून सांगतात, मोजली तर पंचाहत्तर भरते. अंगानं जरा भरलेल्या बाईच्या बाह्या त्यात निघत नाहीत. अस्तर लावायचं म्हटलं तर अस्तर पिसापेक्षा महाग. बायकांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो पीस घडी न मोडता कपाटात जातो आणि पुढच्या ओटीत बाहेर येतो. एकीनं मला सांगितलं होतं की तिनं दिलेला हिरवा पीस कडेच्या डागासकट चार घरं हिंडून तिच्याकडंच परत आला. ती हसत होती. मलाही हसू आलं. पण मग वाटलं, की या सबंध फेरीत दिलं कुणी आणि मिळालं कुणाला? विधी दरवेळी पूर्ण झाला. हळद-कुंकू लागलं, ओटी भरली, नमस्कार झाला. कापड मात्र एकदाही कुणाच्या अंगाला लागलं नाही.

इथं मला वाजश्रवसाच्या गाई आठवतात. कठोपनिषद आम्हाला अभ्यासाला होतं आणि परीक्षेसाठी आम्ही यम-नचिकेत संवाद घोकला. श्रेय आणि प्रेय, रथ आणि घोडे, सगळं. सुरुवातीची गाईंची गोष्ट सर एका तासात आटोपून पुढं गेले. मला ती पुढं दुकानात बसल्यावर कळली.

वाजश्रवसानं सर्वस्व देण्याचा यज्ञ केला. दक्षिणेच्या गाई निघाल्या. त्या कशा होत्या? पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध देऊन संपलेल्या, वासरू होण्याची आशा उरलेली नाही अशा. नचिकेत हा त्याचा लहान पोरगा. त्या गाई रांगेनं जाताना बघून त्याच्या मनात श्रद्धा शिरली, असं उपनिषद म्हणतं. श्रद्धा हात जोडण्याच्या वेळी शिरत नाही, बापाची लबाडी दिसते त्या क्षणी शिरते. हे मला फार धीट वाटतं. वाजश्रवस नियमाच्या बाहेर गेला नव्हता, हे लक्षात घ्या. सर्वस्वात भाकड गाईही येतातच की. हिशेब तपासणाऱ्याला बोट ठेवायला जागा नव्हती. पोरगा हिशेब तपासत नव्हता, तो गाय बघत होता. आणि त्यानं बापाला गाईंबद्दल काहीच म्हटलं नाही. त्यानं विचारलं, मला कुणाला देणार? तीनदा विचारलं. म्हणजे जे तुमचं लाडकं आहे, ज्याच्यावाचून तुम्हाला करमणार नाही, ते या देण्यात कुठं आहे? बाप चिडला आणि म्हणाला, तुला मृत्यूला देतो. खऱ्या दानाचा विषय निघाला की घरात असाच आवाज चढतो. एखाद्या नवऱ्याला म्हणून बघा, की तो नवा कोट देऊन टाकूया.

या गोष्टीची दुसरी बाजू मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाहिली.

कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागात पाणी शिरतं हे आम्हाला नवीन नाही, २००५ चा पूर सगळ्यांनी बघितला होता. पण या वेळी ते दुकानाच्या फळीवर आलं, मग दाराच्या चौकटीवर. गिऱ्हाइकांची कापडं मी माळ्यावर टाकली आणि मशीनचं डोकं उचलून बरोबर घेतलं. आमची सोय एका शाळेत झाली. अंगावरचा एक जोड आणि पिशवीतला एक.

मग ट्रक यायला लागले. लांबलांबच्या गावांतून माणसं निघाली होती, रात्र रात्र गाडी चालवत आली होती. पाणी, भाकरी, चटणी, औषधं, दुधाची पावडर. सांगली ते विसरणार नाही, मीही नाही. त्यांतच कपड्यांची गाठोडी होती. शिंपीण म्हणून ती सोडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. हूक तुटलेले ब्लाऊज. नाडी नसलेले परकर. सलवारी होत्या, त्यांचे कुर्ते नव्हते. टिकल्यांचा एक फ्रॉक, त्याची चेन गेलेली. सुटाचं जाकीट. लहान मुलाचा शाळेचा युनिफॉर्म, खिशावर दुसऱ्याच गावच्या शाळेचं नाव. काही न धुतलेलं होतं, ते हाताला लगेच कळतं. बाहेर पाऊस, आत ओल, त्यामुळं गाठोड्यांना वास सुटला. शेवटी व्हरांड्यात ढीग झाला आणि त्यावर कुत्री झोपायला लागली. माझ्याबरोबर निवडायला बसलेली एक भाजीवाली मावशी म्हणाली, “यांच्या घरी पण पूर आला होता का गं?”

ढिगाऱ्यातून एक गाठोडं मात्र निराळं निघालं. पाठवणारीचं नाव नव्हतं. सुती साड्या होत्या, वापरलेल्याच, पण धुऊन इस्त्री केलेल्या आणि फॉल शाबूत. प्रत्येक साडीच्या घडीत परकर आणि परकरात नाडी ओवलेली. ब्लाऊज होते त्यांच्या कडेच्या शिवणी उसवून ठेवल्या होत्या, आतली माया, म्हणजे शिवणीत दाबलेलं जादा कापड, मोकळी, आणि पिनेनं हुकांचं एक पाकीट आणि सुई-दोरा अडकवलेला. दुसरीचा ब्लाऊज आपल्याला कधी बसत नाही हे त्या बाईला माहीत होतं. तिनं आपल्या घरी बसून, कधीही न बघितलेल्या एका बाईच्या दंडाचा विचार केला होता. ते कपडे त्याच दुपारी अंगावर गेले. एक मीही नेसले.

म्हणजे माझं भांडण जुन्याशी नाही. मी स्वतः चुलतबहिणीचे फ्रॉक घालून मोठी झाले. दादा दुसऱ्यांच्या पँटी उलटवून भावाला शिवायचे. आतली बाजू बाहेर आणली की रंग नवा दिसतो. सदऱ्याची कॉलर विरली की ती काढायची, उलटी करायची, परत बसवायची, आणि आणखी दोन वर्षं ढकलायची. दुकानात नामदेवांची तसबीर होती. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि त्यांतल्या एकात गज आणि कात्री येते, हे दादा येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. कुणी कपडा आणून म्हणालं, “मास्तर, हा कुणा गरिबाला द्या”, की दादा तो परत त्याच्याच हातात द्यायचे. म्हणायचे, बटणं लावून आणा, मग देतो. लोकांना राग यायचा. द्यायला आलोय आणि हा वर काम सांगतोय! पण दादांचं म्हणणं पक्कं होतं. घेणाऱ्याकडं बटणाला पैसे असते तर त्यानं तुझा सदरा घेतला असता का?

जुन्या कापडाचा मान आपल्याकडे होताच. नव्या बाळाचं पहिलं झबलं कोऱ्या कापडाचं शिवत नाहीत; आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं शिवतात, कारण कोरं कापड बाळाच्या कातडीला टोचतं. आजही माझ्याकडे लेकीच्या बाळंतपणाआधी बायका असं लुगडं शोधत येतात आणि नऊवारी नेसणाऱ्या आज्या संपत चालल्यामुळं ते मिळत नाही. झबल्यानंतर दुपटं, गोधडी, मग फडकं, मग पोतेरं, आणि पोतेरं शेणकाल्यात जायचं. बौद्धांच्या विनयपिटकात हीच साखळी आहे. कौशांबीच्या राजा उदयनाच्या राण्यांनी बुद्धाचा शिष्य आनंद याला ५०० चीवरं दिली. राजाला शंका आली. भिक्षू एवढ्या वस्त्रांचं करणार काय, दुकान काढणार का? त्यानं जाऊन विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं विरली आहेत त्यांना देऊ. मग त्या विरलेल्यांचं? त्यांची पांघरुणं. जुन्या पांघरुणांचं? गाद्यांच्या खोळी. त्यांचं? जमिनीवर अंथरायला. मग पाय पुसायला, मग धूळ झटकायला, आणि शेवटी तुकडे करून मातीत कालवून जमीन सारवायला. राजा खूश झाला आणि त्यानं आणखी ५०० दिली. राजाचे प्रश्न मला आवडतात. देणाऱ्याच्या बाजूनं दिलेल्या वस्तूचा शेवटपर्यंत पाठपुरावा करणारा दुसरा कुणी आपल्या कथांत मला आढळला नाही.

या हिशेबात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण मला पुष्कळ प्रामाणिक वाटते. ती ओट्यावर बसते, साडी उजेडात धरते, काठ चाचपते, विरलेली जागा बरोबर शोधते आणि म्हणते, “याच्यावर पातेलं नाही यायचं, आणखी एक पँट टाका.” ज्या बाईनं ती साडी ‘अगदी नवी आहे हो’ म्हणत गरिबाला दिली असती, तीच इथं गप्प बसते. इथं कुणी पुण्य कमवत नाही आणि कुणाची मान खाली जात नाही. १९९९ मध्ये ‘गूंज’ ही संस्था सुरू करणाऱ्या अंशू गुप्तांनी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली. गावानं विहीर खणावी, रस्ता दुरुस्त करावा आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे-वस्तू घ्याव्यात. २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरातून आलेले कपडे निवडायचे, दुरुस्त करायचे, जोड लावायचे, हे त्यांच्या कामाचं पोट आहे. म्हणजे दादा ज्या बटणासाठी लोकांना परत पाठवायचे ते बटण तिथं कुणीतरी बसून लावतं.

मी असं बोलले की काउंटरपलीकडून ठरलेलं उत्तर येतं. “ताई, त्यांच्याकडं तेवढंही नसतं. फाटकं का होईना, काहीतरी मिळतंय ना?” हे खोटं नाही. थंडीच्या रात्री भोक पडलेला स्वेटरही ऊब देतो. वाजश्रवसाच्या गाईंचंही शेण झालंच असेल ब्राह्मणांना सारवायला. द्या, जरूर द्या. फक्त त्याला दान म्हणू नका आणि वहीत पुण्य मांडू नका. अडगळ काढली म्हणा, तीही चांगलीच गोष्ट आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात अनादरानं दिलेलं दान तामस ठरवलंय, आणि हूक तुटलेला ब्लाऊज हा अनादर बोलून दाखवायची गरजच ठेवत नाही.

दुसरं टोकही मला झेपत नाही. हल्ली मोजकेच कपडे ठेवायची एक नवी तपश्चर्या निघाली आहे. तीस म्हणे, किंवा तेहेतीस. एक मुलगी पिशव्या भरभरून चांगले कपडे घेऊन आली आणि म्हणाली, मला आता हलकं वाटतंय. ती हलकी झाली, माझं दुकान जड झालं. पुढच्या अक्षय्य तृतीयेला ती नवे तीस शिवायला आली. मुनी महाराज एकदा सोडतात ते परत घेत नाहीत, एवढा फरक आहे.

नव्याच्या हौसेला मी नावं ठेवत नाही. माझं पोट त्यावर आहे हे एक झालंच. पण कोऱ्या कापडाच्या वासानं मला अजून आनंद होतो आणि पाडव्याला नवं नेसणं हे पाप आहे असं सांगणारा कुठलाही धर्म मला नको. द्रौपदीची गोष्ट आपल्याकडे १९५३ च्या ‘श्यामची आई’ चित्रपटामुळं घराघरात पोहोचली आहे. कृष्णाचं बोट कापलं, चिंधी हवी होती. सुभद्रेकडं शालू होते, पैठण्या होत्या, आणि त्या फाडायच्या कशा म्हणून तिला चिंधी मिळेना. द्रौपदीनं अंगावरचा भरजरी पीतांबर फाडला. शिंपीण म्हणून माझं काळीज हलतं, भरजरी कापड असं आडवं फाडल्यावर पुढं दुरुस्त होत नाही. पण गोष्ट सांगणाऱ्या बायकांनी द्रौपदीला कपाट धुंडाळायला लावलं नाही, ते बरोबरच केलं. तिच्याजवळ भरजरी होतं, ते तिला आवडत होतं, म्हणूनच ते देण्यात काही अर्थ होता. भाकड गाय तीही देऊ शकली असती.

तेव्हा यंदा कपाट उघडाल तेव्हा माझं एवढं ऐका. जे खरंच विरलंय ते कुणाला देऊ नका. त्याचं फडकं करा, गोधडीत घाला, रंगपंचमीला ठेवा. जे द्यायचं ते धुवा, हूक लावा, नाडी ओवा, ब्लाऊजच्या कडा उसवून माया मोकळी करा. आणि जे देताना हात थोडा मागं येतो त्यातलं निदान एक द्या. चैत्रगौरीच्या ओटीसाठी पिसांचा गठ्ठा आणू नका. चारच जणींची ओटी भरा, पण प्रत्येकीला मीटरभर चांगलं सुती कापड घ्या, पन्हा बघून घ्या आणि त्याच्या घडीत शिलाईचे पैसे घाला. ते माझ्याकडेच शिवायला आलं पाहिजे असं काही नाही. त्यांच्या गल्लीतली कुठलीही शिंपीण चालेल.